सरळ सांगायचं ना

नाही, पण मला एक सांगा, बॉम्ब कुठे पुरलेत हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याने समोरच्याला सरळ सांगायचं, की आकडे टाकून कोडी घालत बसायचं? कॉम्प्युटरवरच्या त्या खेळाबद्दल बोलतोय मी. रिटायर झालो आणि घरातल्या प्रत्येक कामात नाक खुपसायला लागलो, तेव्हा माझं तोंड बंद ठेवायला मुलीने शिकवला. म्हणाली, "बाबा, हे चौकोन. काहींच्या खाली बॉम्ब. एक उघडायचा, त्यात आकडा येतो. एक आला तर भोवतीच्या आठ घरांत मिळून एक बॉम्ब, दोन आला तर दोन. संशय आला तिथे झेंडा रोवायचा आणि बाकीची घरं उघडत जायचं." म्हटलं, "म्हणजे बॉम्ब कुठे आहेत ते याला ठाऊक आहे?" म्हणाली, "हो." "मग सरळ सांगायचं ना!" तर म्हणे, "मग खेळ कसला, बाबा?"

बरं, खेळ खेळापुरता ठेवावा की नाही... ही कुठली ठेवतेय. तान्ह्या लेकीला घेऊन आमच्याकडे राहायला आली. नातीचं नाव छान आहे, पण घरात सगळे तिला भोंगा म्हणतात, का ते तिचं रडणं ऐकलंत की कळेल. तर भोंग्याच्या खोलीतल्या काही फरश्या हलायच्या. पाय पडला की खटॅक, खटॅक झालं की भोंगा. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? हलणाऱ्या फरश्यांवर फुली मारतो. आमच्या मुलीने पक्क्या फरश्यांवर खडूने आकडे लिहिले, भोवती किती हलतात त्याचे. तेही सगळ्या पक्क्यांवर नाही, काहींवरच. सगळ्यांवर लिहिले तर कोऱ्या त्या हलणाऱ्या, हे कुणालाही कळेल म्हणाली. अगं, कळू दे ना बाई, तेवढ्याचसाठी लिहितेस ना? "बाबा, तुमच्या मेंदूला व्यायाम." मेंदू माझा, झोप तुझ्या मुलीची, दोन्ही एकाच फरशीवर कशाला टांगतेस... सरळ सांगायचं ना.

तर त्या दुपारी पलीकडच्या खोलीत मुलीचा इंटरव्ह्यू, कॉम्प्युटरवरूनच. मधली भिंत नावाला. ही नोकरी तिला हवी होती हो, फार हवी होती. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं. सकाळपासून शर्ट बदलत होती. माझा हात धरून म्हणाली, "बाबा, भोंगा वाजता कामा नये. एवढंच करा." म्हटलं, "तू जा, मी आहे."

झोपवलं. म्हणजे, आणताना ती खांद्यावर एवढी किंचाळत होती की माझ्या पायाखाली काय वाजतंय ते ब्रह्मदेवालाही ऐकू आलं नसतं, पण झोपवलं. पाळण्यात ठेवून मान वर करतो तर माझा मोबाइल दाराजवळच्या स्टुलावर, आणि घड्याळात चार वाजत आलेले, आणि चारला माझ्या रक्तदाबाच्या गोळीचा गजर, आणि गजर म्हणजे कोंबडा. मीच लावलाय, साधी घंटा मला ऐकू जात नाही. आता मी पाळण्यापाशी, कोंबडा दारापाशी आणि मध्ये सगळी पेरणी. बायकोला हाक मारावी, तर हाकेनेच भोंगा वाजायचा.

निघालो. माझ्या फरशीवर एक. तिला लागून कोऱ्या दोनच, म्हणजे त्या दोघींतली एक हलणारी. शेजारच्या फरशीवरही एक. तिला त्याच दोन कोऱ्या, शिवाय पुढे एक तिसरी. पण तिचा एक त्या दोघींतच संपला की नाही? म्हणजे तिसरी पक्की! टाकला पाय. काही नाही. तुम्हाला सांगतो, नोकरीत प्रमोशन मिळालं तेव्हा झाला नसेल एवढा आनंद झाला. संशय आला तिथे झेंडा म्हणून भोंग्याचे मोजे ठेवत गेलो. मोजे संपले, टोपडं ठेवलं. असा करत करत दाराशी पोचलो आणि बघतो तर तिथले आकडे कुणीतरी पुसलेले. समोर दोन फरश्या. एक हलणारी असणार, कुठली ते देवाला ठाऊक. भिंतीपलीकडून इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंचा आवाज येतोय, "आणि तुमच्या घरची परिस्थिती?" कोंबडा आरवायला आलाय. मी एका पायावर.

इतक्यात दार उघडलं. आमची ही. हातात वाळलेले कपडे. आली ती थेट दोन्ही फरश्यांवरून, मोज्यांवरून, टोपड्यावरून. मी डोळे मिटले. खटॅक नाही, काही नाही. हिने मोबाइल उचलला, कोंबड्याचा गळा दाबला आणि कुजबुजली, "एका पायावर का उभे?" मी खाली बोट दाखवलं. "अहो, या परवाच बसवून घेतल्या. तुम्ही केस कापायला गेला होतात तेव्हा गवंडी येऊन गेला. दाराशी सिमेंट सांडलं, ते मी पुसलं."

"मग सरळ सांगायचं ना!"

हे मी केवढ्यांदा ओरडलो ते मलाही नंतर कळलं. भोंगा झोपलेलाच. पण पलीकडे त्या बाई विचारतात, "कोण ओरडलं?" मग मुलीचा आवाज, "माझे बाबा आहेत. मी कामावर गेले की मुलीला दिवसभर तेच सांभाळणार." आणि त्या बाई म्हणतात, "वा, मग आमची काळजीच मिटली."

नोकरी लागली. रडली मुलगी, गळ्यात पडली, मीही रडलो, खोटं कशाला बोलू. मग हळूच विचारलं, "ते दिवसभराचं कधी ठरलं?" माय-लेकी एकमेकींकडे बघायला लागल्या. ही म्हणाली, "केव्हाच. तुम्ही दिवसभर त्या खोलीत असणार, म्हणून तर फरश्या बसवून घेतल्या."

म्हटलं, "अगं, मग आधी सरळ सांगायचं ना..."

"सांगितलं असतं तर हो म्हणाला असतात?"

नसतो म्हणालो.