आलोच म्हनाव

चांगुणाबाई : ...तिकडं न्हाई हो, तिकडं कडबा हाय. सायकल हिकडं, गोठ्यात. उन्हात ठिवली तर चाकं फुटत्याल म्हनून वर गोधडी टाकली. तुमी त्या मास्तरच्या घरून आलाव ना?

केदार : घरून म्हणजे... मी त्यांचा मित्र. धम्मपाल सरांचा. त्यांच्या मिसेस, प्रीतीताई, म्हणाल्या, सायकल वाटूर फाट्याजवळ चांगुणाबाईंच्या घरी आहे. म्हटलं, मीच जाऊन आणतो.

चांगुणाबाई : मास्तर कसा हाय आता?

केदार : बरा आहे. काल आयसीयूतून बाहेर काढला. बोलतोय. उद्या-परवा घरी सोडतील.

चांगुणाबाई : चांगलं झालं बाई. तीन दिस झाले, रोज इचार यायलाय, जगला का काय झालं. अन् तुमी केदार तर न्हाई ना?

केदार : कोण?

चांगुणाबाई : केदार. मास्तरसंगं दुसऱ्या सायकलीवर व्हता, त्याला टाकून पुढं गेला, त्यो.

केदार : नाही, नाही. मी मुकुंद.

चांगुणाबाई : मंग बसा. तांब्या भरून देते. फाट्यावरून पायी आलाव?

केदार : हो, एसटीनं फाट्यापर्यंत. बसत नाही मावशी. सायकल घेतो आणि निघतो, सहापर्यंत जालन्यात पोचेन.

चांगुणाबाई : आता? दोन वाजलेत.

केदार : मला सवय आहे.

चांगुणाबाई : त्याला बी सवय व्हती. बसा गुमान. मालक आप्पे रिक्षा घेऊन मंठ्याला गेलेत, त्ये काय पाचच्या आत येत न्हाईत. तुमी बी पडलाव तर एकटीला उचलनं व्हनार न्हाई मला. पानी सावकाश प्या, जल्दी नका करू. मीठ-साखर टाकलीय त्यात.

केदार : कुठं पडला होता तो?

चांगुणाबाई : ती बाभळ दिसती का? रस्त्याच्या पल्याड? तिच्या बुडाला. बाभळीची सावली ती काय, चाळनीतून पडल्यावानी. त्या दिशी तर वारा सुदिक भट्टीतून आल्यावानी व्हता. म्या दारातून बघितलं, सायकल आडवी, मानूस आडवा. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, दारू पिऊन पडला. रस्त्याला असले लय बघतो आमी. धा मिनटं म्या नुसती बघत उभी राह्यले.

केदार : तुम्हाला कसं कळणार?

चांगुणाबाई : न्हाई कळत. पन जाऊन बघायला तर काय झाल्तं? धा मिनटं म्हंजी थोडी न्हाईत. मंग त्यानं हात वर केला, तवा गेले पळत. आंगाला हात लावला तर तापला तवा. घाम म्हनून न्हाई, बिलकुल कोरडा. बाटली बाजूला पडलेली, ती बी कोरडी. हौदातली कळशी आनली, लुगडं भिजवलं, आंगावर टाकलं. वाळलं की पुन्यांदा भिजवायची, पुन्यांदा टाकायची.

केदार : शुद्धीवर होता?

चांगुणाबाई : मधीच असायचा, मधीच नसायचा. म्या म्हनलं, घरी कुनाला सांगू? तर म्हनला, बायकूला नगं, भेईल ती. केदारला लाव. मोबाईल त्यानंच काढला, बोट लावून उघडला, नंबर बी त्यानंच दाबला. म्या कानाला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्यांदा लावला. तीन येळा लावला. मंग त्यो मोबाईलच बंद पडला, इतका तापला व्हता. त्यापायी घरच्याला कळवायला बी उशीर झाला. मास्तर दवाखान्यात शुद्धीवर आला, तवा बायकूचा नंबर सांगितला त्यानं.

केदार : रस्त्यावर... सायकल चालवताना ऐकू येत नाही कधीकधी.

चांगुणाबाई : आसंल. म्या कुठं सायकल चालवली? पन मास्तर काय बडबडत व्हता सांगू का? डोळे झाकलेले, अन् म्हनायचा, आलोच म्हनाव. केदारला थांब म्हनाव, आलोच. उठायला बघायचा. म्या दाबून धरायचे, त्यो उठायला बघायचा. मालक आले तवर आमचं ह्येच चालल्तं. मंग आप्पेत घातला, वाटूरच्या दवाखान्यात सलाइन लावलं, तिथून मोठ्या गाडीतून जालन्याला. का हो, उन्हानं गरगरायलं का? तोंड असं काहून झालं?

केदार : नाही. ठीक आहे.

चांगुणाबाई : भाकर खाता का? ठेचा हाय, कांदा हाय.

केदार : नको मावशी.

चांगुणाबाई : नका म्हनू. तुमच्यासारकी मानसं हायेत म्हनून बरं हाय बघा. दुसऱ्याच्या सायकलीसाठी कुनी येतं का असल्या उन्हाचं? त्यो केदार आला का? त्यो बसला आसंल पंख्याखाली. तुमी आलाव पायी पायी. मित्र आसावा तर असा. मुकुंदराव म्हनलाव ना?

केदार : मावशी, नका.

चांगुणाबाई : काय नगं?

केदार : तसं म्हणू नका. मी मुकुंद नाही.

चांगुणाबाई : मंग?

केदार : मीच केदार.

(चांगुणाबाई हातातली परडी खाली ठेवते. रस्त्यावरून एक ट्रक जातो. केदारला वाटतं, ही आता उठून आत जाईल. ती जात नाही.)

चांगुणाबाई : खोटं नाव काहून सांगितलंस?

केदार : तुम्ही विचारलंत आणि तोंडातून निघून गेलं.

चांगुणाबाई : फोन दिसला व्हता?

केदार : दिसला. मोबाईल हँडललाच लावलेला असतो, डोळ्यांसमोर. तिन्ही वेळा नाव दिसलं.

चांगुणाबाई : मंग?

केदार : वाटलं, थांब म्हणेल. नाहीतर परत ये म्हणेल. बारा तासांची राइड होती मावशी. सकाळी सहाला जालन्याहून निघायचं, लोणारला जायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत परत. गेल्या वर्षी माझी अकरा मिनिटांनी हुकली होती. या वर्षी धम्मपालची दोनदा पंक्चर झाली, त्यात पाऊण तास गेला. मंठ्यापासून तो मागं पडायला लागला. बाभळीपाशी उतरला, म्हणाला, डोकं फिरतंय रे, दहा मिनिटं बसू.

चांगुणाबाई : अन् तू काय म्हनलास?

केदार : म्हटलं, तू बस, मी हळूहळू पुढं होतो. दहा मिनिटांनी ये मागून. विचारलं, पाणी आहे का? तो म्हणाला, आहे.

चांगुणाबाई : कुठं व्हतं? बाटली कोरडी व्हती.

केदार : माहीत होतं मला. पांढऱ्या प्लॅस्टिकची बाटली, आरपार दिसतं. रिकामी दिसत होती. तो आहे म्हणाला आणि मी ते खरं धरलं. माझ्याकडं दीड बाटली होती.

चांगुणाबाई : आन् समोर माझं घर.

केदार : घर पण दिसत होतं. उतरून तुम्हाला एक हाक मारली असती तरी चाललं असतं. पाच मिनिटं गेली असती.

चांगुणाबाई : मंग पोचलास का सहाच्या आत?

केदार : पोचलो. सहाला पाच कमी असताना.

चांगुणाबाई : काय दिलं तिथं?

केदार : मेडल दिलं. फोटो काढला. मी लगेच टाकला सगळ्यांना.

चांगुणाबाई : मला कशाला सांगायलास ह्ये सगळं? म्या काय करू त्याचं?

केदार : कुणालाच सांगितलं नाही अजून.

चांगुणाबाई : त्याच्या बायकूला?

केदार : धम्मपालनं तिला सांगितलंय की तोच मला पुढं जा म्हणाला. माझ्यासमोर सांगितलं, दवाखान्यात. केदार थांबत होता, मीच जबरदस्ती पाठवला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो.

चांगुणाबाई : म्हनला व्हता का त्यो तसं?

केदार : नाही.

चांगुणाबाई : अन् तू काय बोललास?

केदार : काही नाही. मान हलवली.

चांगुणाबाई : परवा तिचा फोन आल्ता मालकाच्या मोबाईलवर. लय रडली. म्हनली, मावशी, तुमच्या पाया पडायला येते. मंग इचारलं, तवा यांच्यासंगं कुनी न्हवतं का? म्या म्हनलं, मला न्हाई ठाव. म्या बी दडवलंच की. म्हनलं, दोस्तादोस्तात कशाला इख कालवायचं? पुन्यांदा तिनं इचारलं तर म्या काय सांगू? तू सांग. न्हाई ठाव म्हनू का?

केदार : नको. तुम्ही माझ्यासाठी खोटं नका बोलू. आधीच दोघं बोललेत.

चांगुणाबाई : मंग लाव फोन. म्या आत जाते.

केदार : नका जाऊ. बसा इथंच... हॅलो, प्रीतीताई? केदार बोलतोय.

प्रीती : पोचलात का? मिळाली सायकल?

केदार : मिळाली. ताई, मला एक सांगायचंय. धम्मपालनं मला पुढं जा म्हटलं नव्हतं. मीच गेलो. त्याची बाटली रिकामी दिसत होती, तरी गेलो. त्याचे फोन आले, ते पण मी...

प्रीती : तीन आले.

केदार : हो.

प्रीती : तीन वाजून चार मिनिटं, आठ मिनिटं आणि तेरा मिनिटं. त्यांचा मोबाईल माझ्याजवळ आहे, केदारभाऊ. त्याच रात्री चार्ज केला आणि बघितलं.

केदार : तुम्ही काहीच बोलला नाहीत.

प्रीती : काय बोलणार होते? ते सारखे मला पटवतात, केदारचा काही दोष नाही. त्यांना वाटतं मला माहीत नाही. माहीत आहे असं कळलं तर त्यांनाच खाली बघावं लागेल. म्हणून मी हो म्हणते.

केदार : मला माफ...

प्रीती : थांबा. तुमचा फोटो आला ना, सहा वाजता, मेडलचा? मी भाजी चिरत होते. मी त्यावर अभिनंदन लिहिलं. अंगठा पण टाकला. लिहिलं, आमचे साहेब कुठवर आले?

केदार : वाचलं होतं.

प्रीती : वाचलं होतं ना? तुमचं उत्तर आलं, येतोय मागून.

केदार : मला वाटलं होतं...

प्रीती : ते मी रोज वाचते. पुसून टाकायचं म्हणते आणि पुन्हा वाचते. सायकल आणायला तुम्ही जातो म्हणालात, तेव्हा अडवलं नाही. म्हटलं, बघून येऊ दे जागा.

केदार : संध्याकाळी दवाखान्यात येतो मी. त्याच्यासमोर सांगतो सगळं.

प्रीती : नको. डॉक्टरांनी त्यांना त्रास द्यायचा नाही म्हणून सांगितलंय. सायकल घेऊन घरी या, पण वर येऊ नका. खाली पार्किंगमध्ये ठेवा.

केदार : बरं. आणि नंतर?

प्रीती : नंतरचं मला आज माहीत नाही, केदारभाऊ. मावशी आहेत का जवळ? त्यांना सांगा, यांना घरी आणलं की मी येणार आहे. ठेवते.

चांगुणाबाई : काय म्हनली?

केदार : तिला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तुमच्याकडं येणार आहे म्हणाली.

चांगुणाबाई : येऊ दे. अन् तुला काय म्हनली?

केदार : सायकल खाली ठेवा म्हणाली. वर येऊ नका.

चांगुणाबाई : मंग ठिव खाली.