वाळ्याखालचं पाणी

होडी अजून पलीकडच्या काठाला होती. धक्क्यावर दिएपनं कमळांची टोपली खाली ठेवली. शेजारी दोघे भाऊ बसले होते. डुकरं पाळणारा साऊ आणि त्याच्या उताराखाली तळ्यात मासे पाळणारा धाकटा ऊत.

“साऊदादा, तुझ्या डुकरांच्या गोठ्याखाली तू लावलेला वाळा मी काल खणला,” ऊत म्हणाला.

“तेवढंच राहिलं होतं.”

“तुझ्या सांडपाण्यानं माझे मासे मरायचे, आणि त्यावर म्हणे या गवताचा उपाय, मुळं पाणी गाळतात. तुला चारचौघांत उघडं पाडणार होतो.”

“मग?”

“कंबरेइतका खड्डा झाला तरी मूळ संपेना. वरच्या अंगाला नाक धरून उभा होतो. खालच्या अंगाला पाणी नितळ, आणि हाताला देव्हाऱ्यातला वास. दादा, मी तिथंच बसून राहिलो.”

“मुळं परत पुरलीस ना?”

“पुरली. पाणीही घातलं.”

“हं.”

“उद्या बाबांचं श्राद्ध. इतकी वर्षं तुझ्या सांडपाण्यापायी त्यांच्या पानातला मासा बाजारातून आणला.”

“म्हणून तर मी येत नव्हतो.”

“उद्या ये. बाबांच्या पानात तळ्यातलाच वाढणार आहे.”

होडी लागली. दिएप टोपली घेऊन चढली, ते दोघे बसूनच राहिले.

“धरताना मोठा बघ,” मागून साऊचा आवाज आला. “बाबांना माशाचं डोकं लागायचं.”