तुमचंच घर, बाबा

अरे, दिन्याच्या कोकणातल्या घराचं तुला सांगायचं राहिलंच. वरळीच्या बीडीडी चाळीत त्याच्या बाबांचा उभा जन्म गेला, पण तोंडी एकच, गावाला घर बांधायचं. दिन्याची आई गेल्यावर बाबांना विसर पडायला लागला, तेव्हा त्याने घाईघाईत गावी एक खोली बांधली. तिथे लाईट नाही, म्हणून सोलर. बाबांना घेऊन आम्ही दोघं जोडायला गेलो.

चारही पॅनल एका माळेत जोडले, तर इन्व्हर्टर नुसता बोंबलायला लागला.

"व्होल्टेज जास्त जातंय रे," मी म्हटलं. "दोन-दोनच्या दोन माळा कर, मग त्या पॅरलल जोड, म्हणजे व्होल्टेज निम्मं होईल."

उन्हात सगळं सोडवून पुन्हा जोडलं आणि बल्ब पेटला. बाबांनी टाळ्या वाजवल्या.

"घर बरा बांधल्यानी रे. कोणाचा ह्या?"

"तुमचंच, बाबा," दिन्या म्हणाला.

"खुळो की काय! माझा घर वरळीक. चल, तुझी आवस वाट बघीत आसतली."

आईचं नाव निघताच दिन्या वळला. बाहेर गेला आणि नवेकोरे पॅनल फडक्याने पुसत राहिला.