चारशे दहा पावलं

सामान ठेवायच्या खिडकीपुढची रांग काही हलत नव्हती आणि शिक्षिकाबाईंच्या पोटात कावळे ओरडत होते. त्यांच्या पुढे जमीन मोजणारे एक निवृत्त मोजणीदार आणि त्यांची बायको उभी होती.

"गाडीला दोन तास आहेत. आज तुला टेबलखुर्चीवर बसवून जेवू घालणार. चाळीस वर्षं स्टेशनात डबाच उघडलास."

"माझा गुडघा लांब चालायचा नाही, आधीच सांगते."

"चारशे दहा पावलं. तुझी हं, माझी नव्हेत."

"माझी पावलं कधी मोजलीत?"

"काल येऊन तुझ्यासारखं लंगडत चालून पाहिलं. पहिल्या हॉटेलात सूप पाणचट, दुसऱ्यात भाजी गार. तिसरं मात्र झकास!"

"म्हणजे काल तिन्हीकडे जेवलात?"

"चाखलं गं फक्त."

"आणि घरी येऊन भूक नाही म्हणून ताट सरकवलंत! मी डॉक्टरांना फोन केला. काळजीनं माझ्याही घशाखाली घास उतरला नाही!"

"म्हणून तर म्हणतो, चल."

"तुम्ही इथेच थांबा, बॅगा सांभाळत."

बायको मागे वळली.

"बाई, तुम्ही जेवलात?"

"नाही हो अजून."

"मग चला माझ्यासोबत. यांचं पोट कालच भरलंय."

शिक्षिकाबाईंनी आपली बॅग मोजणीदारांच्या पायाशी ठेवली.

"बाहेर पडून उजवीकडे वळा हं! आणि शेवटी तिथलं गोड मागवायला विसरू नकोस, फार छान असतं!"

"अहो, तुम्हाला डायबिटीस आहे ना? गोडही खाल्लंत?"

"एकच वाटी गं... प्रत्येक ठिकाणी."