उजवीकडून साठ

काय सांगू तुम्हाला, मी मूळचा देवणीकडला. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत दोन वर्सं गेलो, अलिफ-बे शिकलो, छडी खाल्ली अन् शाळा सोडून सुतारकीला लागलो. लगीन झालं तसा कामाला नांदेडला आलो. मेव्हणे म्हणले, आठ दिसांत माघारी येतंय बघा हे. त्येच भेव घेऊन आलो, आजून गेलं न्हाई.

करीमचाचा मिस्त्रींनी ठेवून घेतलं, लई उपकार. म्हणले, कोन समजतो का? म्या भ्यालो अन् हाव म्हणलो. समजतो काय, डोंबल! चाचांनी वळखलं बी असंल. गुण्या हातात दिला, सुताराचं काटकोनी हत्यार, म्हणले ह्याच्यात नीट बसला त्यो काटकोन, आत आखडला त्यो लघु, भाईर सांडला त्यो विशाल. आखडायचं मला आधीच येत होतं.

एक दिस गोदामाच्या छपरीला बारा तिरपे टेकू लागले, साठ अंशांचे. चाचांनी पितळी कोनमापक दिलं, आकडे घासून गेलेले, नुस्त्या दहा-दहाच्या रेघा. सहा मोज अन् काप, म्हणले, अन् नमाजला गेले. म्या सहा मोजल्या, बारा टेकू कापले, एक खांबाला लावून बघतो तर गुण्याच्या पार भाईर! बारा की बारा विशाल. करवत अन् धोतर बोचक्यात बांधून राहिलो, तेवढ्यात चाचा आले.

कुठं निघालास?

देवणीला जातो चाचा, लाकूड नासलं.

मोजलं कुठून?

उजवीकडून.

कशापायी? लाकडाची कड तर डावीकडं होती.

शाळंत समदं उजवीकडूनच सुरू व्हायचं ना.

चाचा भुश्यातच बसले, पोट धरून हसले. मग पायानं एक टेकू पालथा केला, खांबाला लावला, तर चपखल! म्हणले, येड्या, सरळ रेघंचे एकशेऐंशी, एका अंगाला एकशेवीस झाले तर दुसऱ्या अंगाला साठच उरणार, पळून जातात का? तू बी जाऊ नको. सोड बोचकं.

सोडलं ते सोडलंच, हितंच म्हातारा झालो. परवा नातीनं कंपासपेटी आणली, कोनमापकावर आकडे डावीकडून बी अन् उजवीकडून बी. पोरगी रडकुंडीला, आजोबा, कुठून मोजू? म्हणलं बाई, कुठून बी मोज, आधी लघु का विशाल ते बघ. अन् ज्यानं दोन्हीकडून आकडे लिवले त्याचं देव भलं करो, त्याला बी कोणी देवणीचाच भेटला असंल.