दुसरं मांजर नसलेलं घर

चैताली : परत तपासा, डॉक्टर. बाबांची ही दोन्ही मांजरं एका ताटलीत जेवायची, एकमेकांना चाटायची. मग भुरी निगेटिव्ह आणि खंड्याच पॉझिटिव्ह कसा?

डॉ. सबा : होतं कधी कधी तसं. खंड्याची आधी इथं किटवर तपासणी केली, मग लॅबला रक्त पाठवलं. दोन्हीकडे तेच आलं. मांजरांचा ल्युकेमिया. विषाणू लाळेतून पसरतो, म्हणून भुरीचीही पुन्हा एकदा तपासणी करू.

संजय : माणसांना होतो?

डॉ. सबा : नाही. फक्त मांजरांना.

चैताली : भुरीला कालच माझ्या घरी वेगळ्या खोलीत ठेवलंय. पण माझी स्वतःची दोन मांजरं आहेत. खंड्याला...

डॉ. सबा : खंड्याला तुमच्याकडे नेऊच नका. त्याला दुसरं मांजर नसलेलं घर हवं.

संजय : चैताली, जरा प्रॅक्टिकली बघ. बाबांची भाड्याची खोली आता सोडायचीय. पण धायरीतली ती गल्ली त्याच्या ओळखीची आहे ना? राहू दे तिथंच.

डॉ. सबा : म्हणजे गल्लीतल्या सगळ्या मांजरांना आजार वाटत फिरू दे?

संजय : मग इंजेक्शन देऊन... पेनलेस असतं ना ते?

डॉ. सबा : असतं. मरणाच्या दारातल्या जनावराला देतात. हा मघाशी माझं पेन पळवत होता.

चैताली : लाज नाही वाटत, दादा? बाबांना जाऊन महिना नाही झाला. त्यांना वृद्धाश्रमात ठेवू म्हणालास, तेव्हाही हाच शब्द होता तुझा. प्रॅक्टिकल!

संजय : इथं नको, प्लीज.

चैताली : इथंच! पुण्यातल्या पुण्यात, खराडीहून धायरीला यायला तुला सणावारीसुद्धा जमलं नाही. ऑक्सिमीटर ऑनलाइन मागवून दिलास, झालं कर्तव्य!

संजय : फोन करत नव्हतो मी? रोज करायचो! माझी चौकशी कधी केली त्यांनी? आज खंड्यानं पाल धरली, आज खंड्या शेजारणीच्या पापडांवर जाऊन बसला. मुलगा मी होतो, चैताली!

चैताली : तेवढंच ऐकायचास तू! गुडघा दुखतोय म्हणाले, की लगेच तुझा ऑफिसचा कॉल यायचा. मांजराच्या गोष्टीला मात्र हसायचास. म्हणून दिवसभर साठवून ठेवायचे ते. काही घडलं नाही तर रचून सांगायचे.

संजय : ते पापडांचं?

चैताली : शेजारीण पापड करतच नाही.

(टेबलावरचा बोका संजयची बाही हुंगतो.)

संजय : डॉक्टर, किती जगेल हा?

डॉ. सबा : सांगता येत नाही. काही महिने, कदाचित काही वर्षंही. बाहेर सोडायचं नाही, कच्चं मांस द्यायचं नाही, खाणं सोडलं तर लगेच आणायचं.

संजय : माझ्या बाल्कनीला जाळी आहे. कबुतरांसाठी लावलेली.

चैताली : मग?

संजय : मग काय? खाली पडणार नाही तो.

चैताली : आणि तुझ्या मीटिंगमध्ये ओरडला म्हणजे?

संजय : म्यूट करेन. स्वतःला.

चैताली : टोपलीत कोंडू नकोस, घाबरतो. मांडीवर घे.

संजय : मांडीवर घेऊन गाडी कशी चालवू?

चैताली : किल्ली दे इकडे.