अनुमोदक

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर बोलणं चाललं होतं.

“आजोबा, ऑपरेशनच्या फॉर्मवर सोबतच्या माणसाची सही राहिलीय.”

“सोबत कुणी नाही, सिस्टर. वीस वर्षं अपक्ष आमदार होतो. अनुमोदन द्यायला कुणी उठायचं नाही, म्हणून माझे ठरावसुद्धा असेच पडून राहायचे.”

“ते खरं हो, पण सहीशिवाय डॉक्टर आत घेणार नाहीत.”

“आणा तो कागद इकडे, मी करते सही,” शेजारच्या बाई म्हणाल्या. “आमदारसाहेब, नातं काय लिहू?”

“मला मत दिलं होतं कधी?”

“आता या वयात खोटं कशाला बोलू? चारही वेळा तुम्हाला पाडायलाच मत दिलं.”

“मग ‘विरोधक’ लिहा, बाई. मला ओळखणारे तेवढेच उरलेत.”